‘जिरली मां?’ – दुसऱ्याची फजिती झाली की तुमच्या वाडीत काय म्हणतात?

सुरंगी

दुसऱ्याचं बिनसलं की ज्याला गुदगुल्या होतात त्याला वर्तमानपत्रवाले ‘विघ्नसंतोषी’ म्हणतात. कीर्तनात त्यालाच ‘आसुरी आनंद’ म्हणतात. आमच्या वेंगुर्ल्याकडे खळ्यात बसून हे शब्द वापरताना मी कुणाला ऐकलेलं नाही. तिथे ‘जिरली मां?’ एवढंच. मान जरा तिरकी, भुवया वर, आणि समोरून ‘व्हय तर!’ आलं की दोघांचाही चहा गोड.

त्यातही पायऱ्या आहेत. ‘जिरली’ हा सगळ्यात सभ्य. नवी गाडी घेतल्यावर आठवडाभर हॉर्न वाजवून ज्याने वाडीला झोपू दिलं नाही, त्याची गाडी पहिल्याच पावसात व्हाळाकडे रुतली की त्याची जिरते. ‘बरां झालां’ त्याच्यावरचं, आणि ते तोंडावर म्हणत नाहीत, पाठ वळल्यावर म्हणतात. ‘माज उतरलो’ हे पैशाशी नाहीतर पदाशी जोडलेलं, म्हणून ग्रामपंचायतीच्या निकालादिवशी जास्त ऐकू येतं. ‘आता बस बोंबलत’ आणि ‘भोग आता’ हे घरातले. पोर नको नको म्हणताना काजूवर चढलं आणि पडलं, की आई हाताने हळद लावते आणि तोंडाने ‘भोग आता’ म्हणते. त्यात आनंद नसतो, पण शब्द तोच.

माझं मत सांगते. आपल्याकडच्या बढाईखोरांना जमिनीवर ठेवण्याचं काम ही भाषा करते आणि ती टिकली पाहिजे. नवी पोरं सगळ्यालाच ‘पोपट झाला’ म्हणतात. वाईट काही नाही, पण मधल्या पायऱ्या गळून जातात.

दोन गोष्टी हव्यात. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत तुमच्याकडे काय म्हणतात? आणि कुठे हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत असं ठरलेलं आहे?

गुहागरी

मस्त धागा! आमच्याकडे ‘बरी खोड मोडली’ आणि ‘फिटली हौस?’ दुसरं जास्त झोंबतं, कारण ‘हौस फिटली’ म्हणणारा आधी महिनाभर गप्प बसून वाट बघत असतो.

शाळेत ‘पचका वडा’ होता. कॅच सुटला, पचका. बाईंनी विचारलं आणि उत्तर चुकलं, पचका. घरी येऊन आजीला सांगितलं की ती विचारायची, ‘मग माझ्यासाठी नाही आणलास एखादा?’

अंडरआर्म

पोपटाच्या बाजूने एक मत माझं. आमच्याकडे मे महिन्यात अंडरआर्मच्या स्पर्धा लागतात. माईकवरचा माणूस बॅट्समन येतानाच त्याची तारीफ सुरू करतो. मुंबईसून इलो, बूट बघा, गॉगल बघा, बॅटीची किंमत बघा. आणि पहिल्या बॉलला स्टंप उडाला की ‘आवशीक खाव, दांडी गुल!’ या एका वाक्यासाठी मैदान भरतं. तो गॉगलवालासुद्धा हसत बाहेर जातो.

रापणकार

सुरंगी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचां उत्तर आमच्याकडे सोपां आसा. दर्यात हसूचां नाय. बंदराक लागल्यावर हसूचां.

कोणाचां इंजिन बंद पडलां तर ज्याच्याशी वर्षभर भांडान आसा तोसुद्धा दोरी टाकता आणि वडून हाडता. तेव्हा कोण एक शब्द बोलना नाय. होडी वाळूर घेतली, माणसां मोजली, कोणाक काय लागला नाय ह्यां बघितलां, की मगे सुरू. ‘काय रे, डिझेल हाडूक इसारलं की इंजिन सासरवाडीचां?’ मगे पंधरा दिवस तेची सुटका नाय. पण आधी दोरी.

चाकरमानी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट), ‘इंजिन सासरवाडीचां’!

गणपतीला जाणाऱ्यांचा एक प्रकार राहिला. मुंबई–गोवा रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. दरवर्षी कुणीतरी स्वतःची गाडी घेऊन निघतो आणि निघायच्या आधी ग्रुपवर ‘आम्ही सकाळी नाश्त्याला घरी’ असं टाकतो. मग रात्रभर फोटो येतात, पुढे लाल दिवे, मागे पांढरे दिवे. रेल्वेने आलेले लोक सकाळी पडवीत बसून घावणे खातात आणि ग्रुपवर घावण्यांचा फोटो टाकतात. खाली काहीच लिहीत नाहीत. लिहायची गरजच नसते.

सुरंगी

@चाकरमानी, पण रेल्वेवाल्यांनीही फार उडू नये. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं. आमच्या नात्यातला एकजण जुन्या हिशेबाने आठवण ठेवणाऱ्यांना हसायचा, ‘माका सगळा म्हायत आसा’. उघडायच्या दिवशी पहाटे उठून बसला, दोन मिनिटांत वेटिंग लागलं, आणि शेवटी ज्यांना हसला होता त्यांच्याच गाडीत मागच्या सीटवर मोदकाचं सामान मांडीवर घेऊन आला.

अंडरआर्म

जिरली मां?

नांगऱ्या

संगमेश्वराकडून हजेरी. ज्यांनी आमच्याकडची चिखलातली नांगरणी स्पर्धा पाहिली नाही त्यांनी दुसऱ्याच्या पडण्यावर हसणं म्हणजे काय ते अजून पाहिलेलंच नाही.

लावणीच्या दिवसांत एखादा मळा पाणी सोडून घोटलेला असतो. गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. जोडी सोडली की ठरलेला फेरा मारून परत यायचं आणि ज्याची वेळ कमी तो पुढे. जोत धरणाऱ्याच्या हातात फक्त रुमणं, म्हणजे नांगराची मूठ. पायाखाली गुडघाभर चिखल. बैल सुटले की माणूस पळत नाही, बैल त्याला पळवतात.

एकदा एक गडी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उतरला. बांधावर उभ्या बायकांनी आधीच एकमेकींना कोपर मारून ठेवलं. वळणावर डावा बैल आत घुसला, नांगर आडवा झाला आणि हा पोटावर. पण रुमणं सोडलं नाही! बैल तसेच धावतायत आणि हा मागून सपाट, तोंड उघडं, चिखल आत जातोय, सदऱ्याची बटणं एकेक करून मळ्यात. शेवटच्या झेंड्यापर्यंत तसाच ओढत आला. बांधावर लोक अक्षरशः खाली बसले हसून. मग उठला, डोळ्यांवरचा चिखल दोन बोटांनी काढला आणि पंचांना विचारलं, ‘वेळ किती लागली?’

वेळ चांगली लागली होती. त्यावर जी टाळी पडली ती पहिल्या नंबराला पडली नाही. आमच्याकडे त्याला ‘पडला पण सोडला नाही’ म्हणून अजून ओळखतात, आणि तो ते मानाने सांगतो.

गुहागरी

नांगऱ्या, दंडवत. बटणांवर मी अजून हसतोय.

माडाखाली

सगळ्यांचं हसून झालं असेल तर एक वेगळं लिहिते. थोडं लांबेल.

माझा चुलतभाऊ मुंबईतली नोकरी सोडून गावी आला. आमच्याकडे मुंबईहून परत येणं म्हणजे आधीच एक बातमी. त्याने बँकेचं कर्ज काढून कोंबड्यांची शेड घातली. पहिली बॅच चांगली गेली. तेव्हा वाडीतलं कुणी ‘छान केलंस’ म्हणायला आलं नाही. दुसऱ्या बॅचला मर लागली. माना वाकड्या होऊन पक्षी पडायला लागले, डॉक्टर म्हणाले राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग. खड्डा खणून चुना टाकून पुरावे लागले. त्या दिवशी मात्र आले सगळे. बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उभे राहून एकेक जण तेच वाक्य बोलून गेला, ‘मी तरी सांगी होतंय.’

कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी तिथे होते, मला माहीत आहे. काय करतो आहेस असं विचारलंसुद्धा नव्हतं. पण पडल्यावर सगळ्यांनी आधी सांगितलेलं होतं.

तो पुन्हा मुंबईला गेला. नुकसान झालं म्हणून नव्हे, कर्ज तो फेडतोच आहे. दुकानात, एसटीत, देवळात ते वाक्य ऐकायला लागू नये म्हणून गेला.

आपल्याकडची पोरं गावात काही करत नाहीत म्हणून आपण सभा घेतो. ती का करत नाहीत याचं उत्तर मला सुरंगीच्या यादीत दिसतं. नव्या गाडीवाल्याची जिरली, हसा. मीही हसेन. पण शेड घालणाऱ्याला, होमस्टे काढणाऱ्याला, भाजी लावून बघणाऱ्याला त्याच तोंडाने हसलं की पुढचे दहाजण मनातल्या मनात बेत गुंडाळून ठेवतात. ते आपल्याला कधी दिसतच नाहीत.

अंडरआर्म

हे वाचून गप्प बसलो. बरोबर आहे.

सुरंगी

@माडाखाली, मनापासून लिहिलंस. पण दोष शब्दांचा कसा? ‘मी तरी सांगी होतंय’ हे माझ्या यादीत नाहीच. ‘जिरली’ म्हणायला आधी कुणीतरी उडालेलं असावं लागतं. तुझा भाऊ कुठे उडत होता? त्याला जे मिळालं ती भाषा दुसरीच.

माडाखाली

तोंडं तीच ना गं. आणि शब्दही तुझ्याच यादीतले. ‘बरां झालां’ मी माझ्या कानाने ऐकलं. बेडा ओलांडून चार पावलं गेल्यावर, पाठ वळल्यावर, अगदी तू लिहिलंस तसंच.

खळेकर

माडाखाली, तुमच्या भावाची जमीन सामायिकात होती का? आगाऊ वाटेल पण मुद्द्याला धरून विचारतो.

कोकणात दुसऱ्याच्या नुकसानीवर खूश होणारा बहुतेक वेळा सातबाऱ्यावर शेजारच्या ओळीत असतो. आजोबांच्या नावावरची जमीन, वारस तीस, त्यातले पंधरा मुंबईत, वाटप झालेलं नाही. एकाने त्यात काही उभं केलं की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो, उद्या हा म्हणेल माझा कब्जा आहे. ते चाललं नाही की गोळा उतरतो. त्याला तुम्ही हसणं म्हणा, मी सुटकेचा निःश्वास म्हणतो. म्हणून मी गावात प्रत्येकाला सांगत असतो, धंदा नंतर, आधी संमतीपत्र, शक्य तर वाटप. शेड घालताना सगळ्या खातेदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर बेड्यापाशी निम्मीच माणसं उभी राहिली असती.

माडाखाली

सामायिकातच होती. सह्या घेतल्या होत्या, दोन सोडून. आणि हो, ते दोघे सगळ्यात पुढे उभे होते. एवढं तुमचं खरं.

आंबेवाला

सातबारा निघाला म्हणजे धागा आता शंभरी गाठणार.

थोडं अवांतर. आमच्या बागेत आणि शेजारच्या बागेत फक्त एक दगडी गडगा आहे. माकडं आली की मी फटाका लावतो, ती गडगा ओलांडून तिकडे. तो लावतो, ती इकडे. माझी कलमं साफ झाली की तो गालातल्या गालात हसायचा, त्याची झाली की मी. वडिलांच्या काळापासून हेच. हल्ली दोन सीझन आम्ही मिळून एक राखण्या ठेवला आणि दोन्ही बागांच्या वरच्या अंगाने एकदम हाकायला लागलो. माकडं आता दोघांनाही सोडून तिसऱ्याकडे जातात.

तो तिसरा आता या ग्रुपवर नाही एवढंच देवाचे आभार.

रापणकार

तिसऱ्याक पण घेवा मरे राखण्यात!

मेंदूची भाजी

वर कुणी जर्मन शब्द कसा अजून आणला नाही याचं नवल वाटलं, म्हणून मीच आणतो. शाडनफ्रॉयडं. जगभर हाच वापरतात. ॲरिस्टॉटलने त्याच्याही आधी याच भावनेला ग्रीकमध्ये वेगळं नाव देऊन मत्सराच्या शेजारी बसवलं होतं. जपानीत म्हणच आहे की दुसऱ्याच्या दुर्दैवाला मधाची चव असते.

जपानच्याच संशोधकांचा एक अभ्यास २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. लोकांना काल्पनिक विद्यार्थ्यांबद्दल वाचायला देऊन मेंदूचे स्कॅन घेतले. जो आपल्यासारखाच आहे, आपल्याच वाटेवर आहे आणि आपल्यापेक्षा वरचढ आहे त्याच्याबद्दल वाचताना वेदनेशी संबंधित भाग जागा होतो. मग त्याच माणसाचं काही बिघडल्याचं वाचलं की बक्षीस मिळाल्यावर जो भाग उजळतो तो उजळतो. ज्यांना आधी जास्त जळजळ झाली त्यांना नंतर जास्त गोड लागलं.

खळेकरांच्या मुद्द्याशी हे जुळतं. टाटा-बिर्लांचं काही बुडालं तर वाडीला काही होत नाही. चुलतभावाचं बुडालं तर होतं, कारण तो आपल्याच पडवीतून निघालेला असतो.

गुहागरी

तो जर्मन शब्द आमच्या आजीने म्हटला असता तर कवळी बाहेर आली असती, आणि मग सगळ्या घराला तोच झाला असता.

बुवांचो फॅन

इतका वेळ वाचतोय आणि डबलबारीचं, म्हणजे भजनाच्या सामन्याचं, नाव कुणी घेतलं नाही! अहो, आपण सिंधुदुर्गात दुसऱ्याची जिरवायला रीतसर मंडप घालतो, लाईट लावतो, हार्मोनियम आणि पखवाज आणतो.

दोन बुवा, समोरासमोर. अभंग, गवळण, गजर असं सगळं भक्तीचंच. पण मधे एक बुवा पुराणातला प्रश्न टाकतो, अमक्याच्या रथाला घोडे कुठले, तमक्याचा गुरू कोण. समोरच्याला त्याच्या बारीत उत्तर द्यायचं असतं. देता आलं नाही तर मंडपातून जी आरोळी उठते ती शेजारच्या गावात ऐकू जाते. बुवाच्या टोपीवर, पोटावर, आवाजावर, मागच्या बारीत चुकलेल्या ओळीवर सगळ्यावर कोट्या होतात, चालीत बांधून. तिकडे रत्नागिरीत जाखडीच्या नाचगाण्यात शक्तीवाले आणि तुरेवाले हेच करतात. एक बाजू शक्ती मोठी म्हणते, दुसरी शिव मोठा म्हणते, आणि पहाटेपर्यंत एकमेकांची धुलाई.

मी माडाखालींच्या दुःखाला हलकं करत नाही. पण यात एक रचना आहे बघा. दोघेही मुद्दाम उतरलेले असतात. दोघांनाही बारी मिळते. ज्याची आत्ता जिरली त्याला अर्ध्या तासात परत माईक मिळतो. तुमच्या भावाला दुसरी बारी मिळालीच नाही, नुसती आरोळी मिळाली. मला त्यातला हाच अन्याय दिसतो.

माडाखाली

@बुवांचो फॅन, हे मला इतकं नीट मांडता आलं नव्हतं. धन्यवाद. रापणकारांचं ‘आधी दोरी’ आणि तुमचं ‘दुसरी बारी’ दोन्ही लिहून घेतलं.

वाशिष्ठीकाठ

सुरंगीताईंनी विचारलं होतं, कुठे हे शब्द काढायचे नाहीत. चिपळूणकर म्हणून सांगतो.

२२ जुलै २०२१ ला पाणी आलं. २००५ चं पाणी पाहिलेल्या लोकांनी त्या खुणेच्या हिशेबाने सामान वर ठेवलं होतं, पाणी त्या खुणेच्या वर गेलं. बाजारपेठेत असे व्यापारी होते की ज्यांची जिरावी असं निम्म्या गावाला एरवी वाटायचं, उधारीवरून, भाड्यावरून, बोलण्यावरून. त्यांची गोदामं गेली. साखर, कपडा, औषधं, सगळ्याचा एकच चिखल. मी महिनाभर त्याच रस्त्यावर फावडं घेऊन होतो, कुणाच्याही तोंडून ‘बरं झालं’ ऐकलं नाही. मनात आलं असेल तर देवाला माहीत.

जोक मात्र होते, भरपूर. पण ते स्वतःच्या घरावरचे. ‘तुमच्याकडे माडीपर्यंत? आमच्याकडे फक्त कपाटापर्यंत, आम्ही गरीब माणसं.’ कुणाचा फ्रीज शेजारच्याच्या अंगणात मिळाला तर तो म्हणायचा, आत दूध होतं, बघ आहे का. हे पाण्यातून उठलेले लोक एकमेकांना बोलायचे. बाहेरच्या एकाने ग्रुपवर पुराच्या व्हिडिओला हसण्याचं चिन्ह टाकलं, त्याला इतका झापला की त्याने नंबर बदलला.

नंतर वर्षभराने, दुकानं लागल्यावर, त्याच व्यापाऱ्यांबद्दल जुनी कुरकुर परत सुरू झाली. ती ऐकून मला बरं वाटलं होतं. म्हटलं, बाजार उघडला.

नांगऱ्या

‘आम्ही गरीब माणसं’ म्हणणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

दर्याची लेक

अलिबागच्या खालच्या अंगाने लिहितेय. आमच्या आगरी-कोळी बायकांत ‘बरा झाला, जाम माजला व्हता’ हे रोजचं, मासळीच्या पाटीवर बसल्या बसल्या. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर वाशिष्ठीकाठ म्हणतात तेच पाहिलं. पत्रे उडाले, माड आडवे, वाड्या गेल्या. ज्यांच्या बांधावरून पिढ्यानुपिढ्या बोलणं बंद होतं तेसुद्धा ताडपत्र्या वाटून घेत होते.

तरी मला रापणकारांच्या नियमाला पुरवणी जोडायचीय. मोठं संकट आलं की आपण चांगले वागतो, त्याचं कौतुक आपणच फार करतो. एकट्यावर आलेलं छोटं संकट असलं की दोरी कोण टाकत नाही. वादळात सगळ्यांचेच पत्रे उडाले. माडाखालीच्या भावाचं एकट्याचं उडालं, म्हणून सगळे बेड्यापाशी हात मागे बांधून उभे राहिले.

सुरंगी

@दर्याची लेक, +१००. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि देणारही नाही. हे असंच आहे.

खळेकर

एक दुरुस्ती सुचवतो. एकट्याचं संकट असलं तरी आजारपणात आणि मयताला माणसं येतात, न बोलावता येतात. धंद्यात बुडाला तर येत नाहीत. आपल्याकडे धंद्यातलं बुडणं हे संकट मानतच नाहीत, ती करणी मानतात. ‘कोणी सांगितलां होतां?’ हा प्रश्न आजाऱ्याला कोणी विचारत नाही.

काकू दापोली

उशिरा आले, पण सगळं वाचलं. तुम्ही सगळे मुद्द्यांवर गेलात, शब्द मागे पडले.

‘नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे.’ इतकी जहाल म्हण जगात दुसरीकडे असेल असं वाटत नाही. आमची सासू ही म्हण वापरायची ती माणसांवर नव्हे, जमिनीच्या केसवर. दोन भाऊ दोन हात बांधासाठी कोर्टात गेले, वकिलाच्या फीपायी दोघांनी एकेक कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, विकला, तेव्हा म्हणाली होती. खळेकरांना आवडेल.

शिवाय ‘मिरची झोंबली’, ‘तोंडघशी पडला’, ‘नाक खाली झालं’, ‘फे फे उडाली’, ‘हवा गेली’. ‘जखमेवर मीठ’ सगळ्यांना माहीत आहे. आणि हसणाऱ्यांसाठी ‘काड्या टाकून शेकत बसणारे’. हे शब्द मी वर कुठे पाहिले नाहीत.

आमच्याकडे शिमग्यात पालखी दारात यायच्या आधी होळीपुढे नावं घेऊन बोंब मारायचे. वर्षभरात ज्याने जे केलं ते सगळं निघायचं. कंजूषपणा, चोरून विकलेलं लाकूड, पाहुण्याला न दिलेला चहा. ज्याचं नाव निघालं त्याने रागवायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी तो विषय काढायचा नाही, असा दंडक. होळी विझली की संपलं. हल्ली लोक होळीपुढे गप्प उभे राहून मोबाईलमध्ये शूटिंग करतात आणि नावं मात्र वर्षभर ग्रुपवर घेतात.

खळेकर

कुणग्याची गोष्ट आवडली काकू. उद्या तालुक्याला एका अशिलाला... म्हणजे शेजाऱ्याला ऐकवतो.

बुवांचो फॅन

काकू, नावं घेऊन बोंब मारण्यात बायकांचीही नावं निघायची आणि त्यांना उत्तर द्यायला तिथे जागा नसायची. आमच्या आईला ते अजून आठवतं. बाकी सगळं मान्य, पण तेवढं जुनं परत नको.

काकू दापोली

बरोबर बोललास. तेवढं नकोच.

माडाखाली

माझा एक प्रश्न आहे, शब्दांचाच आहे त्यामुळे धाग्याला धरून. पडलेल्याला हसायला आपल्याकडे इतके शब्द निघाले. करून बघितलं, जमलं नाही, अशा माणसाला बोलायला तुमच्याकडे काय आहे? मला आमच्या वाडीतलं एकही आठवत नाही. ‘असूं दे’ आहे, पण ते सोडून देण्याचं झालं.

गुहागरी

विचार करतोय. ‘होतं असं’ म्हणतो आम्ही. पण तेही तुमच्या ‘असूं दे’सारखंच.

नांगऱ्या

स्पर्धेत पडलेल्याला ‘पुढच्या फेऱ्याला ये’ म्हणतात. स्पर्धेबाहेर कुणाला म्हटलेलं ऐकलं नाही.

रापणकार

रापण, म्हणजे किनाऱ्यावरसून वडूचां मोठां जाळां, वडून वडून हाताक फोड येतत आणि आत कायच नसता, नुसती शेवाळ नायतर जेलीफिश. तेव्हा म्हातारो तांडेल, म्हणजे आमचो मुख्य, कोणाकडे बघनासुद्धा नाय. जाळां झाडता, सारखां करता आणि म्हणता, ‘परत टाकूया.’ टाकूया म्हणता, ‘टाक’ म्हणना नाय. बस, इतक्याच.

माडाखाली

हे त्याला पाठवते. तुमचं नाव न सांगता, पण जसंच्या तसं.

सध्या तो वसईत आहे. शेड तशीच उभी आहे. मागच्या पावसाआधी तिचे पत्रे विकत मागायला सह्या न दिलेल्या त्या दोघांपैकी एकजण आला होता. काकांनी दिले नाहीत.

आंबेवाला

नाही दिले ते उत्तम केलं. आमच्या मेहुण्याचा कोंबड्यांचा धंदा आहे, तेवढ्यावरून लिहितो.

परत टाकायचं ठरलं तर आधी जुनी गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुसा, सगळी काढून लांब पुरा. जमीन घासून धुवा, चुना मारा, पत्र्याखालच्या वाशांनासुद्धा. शेड इतके दिवस रिकामी आहे ते एका परीने चांगलंच, पण साफ केल्याशिवाय पिल्लं आणू नका. राणीखेतची पहिली लस पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला, डोळ्यात नाहीतर नाकात थेंब, आणि पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता. लस बर्फातून आणायची, एसटीच्या डिकीतून नाही. दारात चुन्याचा ट्रे ठेवा आणि बघायला येणाऱ्यांना बेड्याच्या बाहेरच थांबवा, अर्धा रोग लोकांच्या चपलांवरून येतो. विम्याचं बँकेत विचारून घ्या. आणि पहिली बॅच पूर्ण क्षमतेने नको, निम्मी भरा.

मेहुण्याला विचारून लशीचं वेळापत्रक इथे टाकतो रात्री.